हाडामांसाची ओळख : सेनेगलचे शिल्पकार उस्मान सोव

'मुसलमान शिल्पकार' हे दोन शब्द एकापाठोपाठ उच्चारले, की ऐकणारा क्षणभर थबकतो. ऐकणारा मुसलमान नसेल तर त्याला आश्चर्य वाटते. मुसलमान असेल तर तो थोडा अवघडतो. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या, तेव्हापासून हे अवघडलेपण वाढतच गेले. इस्लाम आणि शिल्प यांचे नाते म्हणजे हातोडा आणि मूर्ती यांचे नाते, असे एक सोपे समीकरण जगाच्या मनात ठसले. खेदाची गोष्ट अशी, की आपल्यापैकीही अनेकांनी ते मुकाट्याने मान्य करून टाकले.

बामियानच्या दोनच वर्षे आधी, १९९९ च्या वसंत ऋतूत, पॅरिसमध्ये एक वेगळेच दृश्य लोक पाहत होते. सीन नदीवर 'पाँ दे झार' नावाचा पादचाऱ्यांचा पूल आहे. त्याच्या एका टोकाला लूव्रचे जगप्रसिद्ध संग्रहालय, तर दुसऱ्या टोकाला 'अँस्तित्यू द फ्रान्स' ही फ्रेंच विद्वत्तेची घुमटाची इमारत. या पुलावर त्या वर्षी माणसाहून मोठ्या आकाराची माणसे येऊन उभी राहिली होती. एकमेकांना भिडलेले सुदानचे नुबा मल्ल, मसाई योद्धे, झुलू, फुलानी, आणि अमेरिकेच्या मैदानात गोऱ्या घोडदळाशी झुंजणारे रेड इंडियन. जाणारा-येणारा थांबत होता आणि बघत होता. तिकीट नव्हते, दरवाजा नव्हता. काही आठवड्यांत तीस लाखांहून अधिक लोकांनी हे प्रदर्शन पाहिले.

या शिल्पांच्या कर्त्याचे नाव उस्मान सोव. वडिलांचे नाव मोक्तार, म्हणजे आपण ज्याला मुख्तार म्हणतो तेच. आईचे नाव नफी. सेनेगलच्या डाकर शहरात एका मुसलमान घरात जन्मलेल्या या माणसाने वयाच्या पन्नाशीपर्यंतची अनेक वर्षे रोग्यांची दुखरी अंगे चोळून बरी करण्यात घालवली आणि त्यानंतर तो शिल्पकार म्हणून जगापुढे आला. त्याच्या आयुष्याची ही हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेनेगलचा इस्लाम आणि चित्रे

सोव समजून घ्यायचे तर आधी सेनेगल समजून घ्यायला हवा. आफ्रिकेच्या अगदी पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराला लागून हा देश आहे. सेनेगल नदीकाठच्या तकरूरच्या राज्यात इस्लाम अकराव्या शतकातच पोहोचला. आज देशातील शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसे मुसलमान आहेत. हा इस्लाम प्रामुख्याने सूफी सिलसिल्यांचा आहे. तिजानिया, कादिरिया आणि याच मातीत जन्मलेला मुरीदिया. मुरीदियाचे संस्थापक शेख अमादू बाम्बा यांना फ्रेंचांनी १८९५ मध्ये गाबोनला हद्दपार केले. सात वर्षांनी ते परतले तेव्हा त्यांचा अधिकार शतपटीने वाढलेला होता. १९२७ मध्ये ते वारले. त्यांचे १९१३ चे एक छायाचित्र आहे. पांढरा झगा, तोंडावरून घेतलेला पांढरा पट्टा, आणि सावलीत अर्धवट हरवलेला चेहरा. या एका छायाचित्रावरून रंगवलेली हजारो चित्रे डाकरच्या भिंतींवर, दुकानांवर आणि बसगाड्यांवर दिसतात.

याच देशात काचेच्या मागच्या बाजूने चित्र रंगवण्याची एक लोककला आहे. तिला 'सुवेर' म्हणतात. 'काचेखाली' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे ते वोलोफ रूप. उत्तर आफ्रिकेतून हाजी मंडळींबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर इस्लामी विषयांवरची छापील चित्रे येत. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच सरकारला या चित्रांत राजकीय धोका दिसला आणि त्यांच्या आयातीवर निर्बंध आले. मग स्थानिक चित्रकारांनी तीच चित्रे काचेवर उतरवायला सुरुवात केली. नूह पैगंबरांची नौका, इब्राहीम पैगंबरांची कुर्बानी, बुराक, समुद्रावर मुसल्ला अंथरून नमाज पढणारे शेख बाम्बा. बुराकची रंगीत तसबीर आपल्याकडेही किती घरांत आणि किती दर्ग्यांच्या बाहेरच्या दुकानांत असे, हे ज्यांना आठवत असेल, त्यांना ही चित्रे परकी वाटणार नाहीत. सांगायचे ते एवढेच, की या समाजात चित्र निषिद्ध आहे की नाही याचा वाद जसा होता, तशी चित्रे काढण्याची आणि ती जवळ बाळगण्याची परंपराही होती.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डाकर, सेंट लुई, गोरे आणि रुफिस्क या चार नगरांतील मूळ रहिवाशांना १९१६ च्या कायद्याने फ्रेंच नागरिकत्व मिळाले, आणि तेही आपला मुस्लिम वैयक्तिक कायदा न सोडता. ब्लेझ दियान्य या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीने तो कायदा संमत करून घेतला. त्याच्या मोबदल्यात सैन्यभरतीची जबाबदारी आली, हेही खरे. नागरिक म्हणून फ्रेंच, श्रद्धेने मुसलमान आणि वर्णाने आफ्रिकी अशा तिहेरी ओळखीचा प्रश्न या नगरांतील माणसांपुढे फार लवकर उभा राहिला. अशाच एका नगरात, डाकरमध्ये, १० ऑक्टोबर १९३५ रोजी उस्मान सोव यांचा जन्म झाला.

रेबसचा मुलगा

डाकरच्या रेबस मोहल्ल्यात हा मुलगा वाढला. त्याचा जन्म झाला तेव्हा वडिलांचे वय छप्पन्न आणि आईचे सव्वीस होते. आई सेंट लुईच्या एका खानदानी घराण्यातली. वडील कडक शिस्तीचे, पण स्वतंत्र वृत्तीचे. मोठेपणी सोव यांनी वडिलांचे ऋण सतत मानले. उतारवयात थोर माणसांच्या शिल्पांची मालिका करायला घेतली, तेव्हा व्हिक्टर ह्यूगो आणि नेल्सन मंडेला यांच्या पंक्तीत त्यांनी आपल्या वडिलांनाही बसवले.

सातव्या वर्षी मुलगा फ्रेंच शाळेत गेला. दहाव्या वर्षाच्या सुमारास समुद्रकिनाऱ्यावर सापडणारे चुनखडीचे दगड उचलून तो त्यांत आकृती कोरू लागला. हा त्याच्या कलेचा आरंभ. पण शिल्पकला हा काही पोट भरण्याचा धंदा नव्हे, हे त्या घरात वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

१९५६ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षी उस्मान पॅरिसला निघाला. खिशात पैसे नव्हते. हाताला मिळेल ते काम करावे आणि कुणी आसरा देईल तिथे रात्र काढावी, अशी अवस्था होती. कधी पोलीस चौकीत झोपायला जागा मिळे. त्या काळचे पॅरिस अल्जीरियाच्या युद्धाने धुमसत होते आणि वसाहतींतून आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. तरीही या अनोळखी शहरात काही माणसांनी आपल्याला माणुसकी दाखवली, हे सोव कधी विसरले नाहीत. चित्र-शिल्पाच्या शाळेत जाण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. आधी त्यांनी परिचारकाचे शिक्षण घेतले आणि मग फिजिओथेरपीचे. फ्रान्समध्ये या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले बोरिस दोल्तो हे त्यांचे गुरू.

हात शिकत होते

१९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. देशाचे पहिले अध्यक्ष लिओपोल्ड सेंघोर हे कवी होते आणि धर्माने कॅथलिक होते. मुसलमान बहुसंख्येच्या देशाने एका ख्रिस्ती कवीला वीस वर्षे अध्यक्षपदी ठेवले, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम सांगावीशी वाटते. सेंघोर यांनी कलेला राजाश्रय दिला. डाकरमध्ये कलाशाळा आणि थिएस गावी विणकाम-चित्रांची सरकारी कार्यशाळा उभी राहिली. इबा न्जाय, पापा इब्रा ताल यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. एप्रिल १९६६ मध्ये डाकरला कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. सोव तोपर्यंत मायदेशी परतले होते आणि एका रुग्णालयात फिजिओथेरपीचे काम करत होते. या महोत्सवात त्यांचे एक उठावशिल्प मांडले गेले. परंतु सरकारी कलेच्या त्या वर्तुळात ते सामील झाले नाहीत. १९६८ मध्ये ते पुन्हा फ्रान्सला गेले आणि पॅरिसलगतच्या माँत्रुई येथे त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला.

दिवसा रोगी आणि रात्री शिल्प, असा त्यांचा क्रम होता. शेवटचा रोगी निघून गेला, की दवाखान्याची खोली कार्यशाळा होई. हलणाऱ्या छोट्या बाहुल्या बनवून त्यांनी एक लहानसा चित्रपटही करून पाहिला. घर बदलले, की केलेली कामे मागे टाकायची किंवा मोडून टाकायची. त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे फारसे काम आज शिल्लक नाही. पुष्कळ वर्षे असे चालले. बाहेरच्या जगाला त्याची काहीच खबर नव्हती.

ही वर्षे वाया गेली असे मात्र म्हणता येणार नाही. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाचा पाय मोडून जोडलेला, कुणाची पाठ वाकलेली. अशी हजारो शरीरे या हातांखालून गेली. कोणता स्नायू कोठून निघतो, तो कोणत्या हाडाला जाऊन मिळतो, वजन पेलताना कोणता भाग ताणला जातो आणि कोणता सैल पडतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि बोटांनी ओळखणे निराळे. पुढे शिल्प करताना सोव यांनी समोर कधी मॉडेल उभे केले नाही. त्याची त्यांना गरजच नव्हती. डोळे मिटले तरी आपण माणसाचे शरीर घडवू शकू, असा त्यांना विश्वास होता.

विशेष म्हणजे हे ज्ञान मिळूनही त्यांनी शरीरशास्त्राच्या नियमांची गुलामी पत्करली नाही. त्यांच्या मल्लाची मांडी हवी त्याहून जाड असेल, हात हवा त्याहून लांब असेल. पण ते शरीर उभे राहू शकेल, वाकू शकेल, समोरच्याला उचलून आपटू शकेल, याबद्दल शंका राहत नाही. नियम नीट ठाऊक असल्यामुळेच तो कोठे मोडायचा हे त्यांना कळत होते.

नुबा

१९७८ मध्ये सोव कायमचे डाकरला परतले. फिजिओथेरपी चालूच होती. १९८४ च्या सुमारास त्यांनी नुबा मल्लांची मालिका सुरू केली. लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यात प्लॅस्टिकचे धागे आणि काथ्या भरून शरीराला आकार द्यायचा, गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि त्यावर स्वतः तयार केलेला एक लगदा चढवायचा. हा लगदा ही त्यांची खरी करामत. अनेक पदार्थ एकत्र करून तो पिंपांत वर्षानुवर्षे मुरत ठेवलेला असे. जुने लोणचे जसे चव धरते, तसा हा लगदा मुरून त्वचेसारखा जिवंत पोत धरी. त्यात काय काय घातले, हे त्यांनी शेवटपर्यंत गुपित ठेवले.

नुबा हे सुदानच्या कुर्दुफान भागातील डोंगराळ मुलखाचे लोक. कुस्ती हा त्यांच्या जीवनातला मोठा सोहळा. सेनेगलचीही कुस्ती प्रसिद्ध आहे. 'लांब' नावाच्या या खेळावर तो देश अक्षरशः जीव टाकतो. तेव्हा एका सेनेगली माणसाला नुबा मल्लांचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होते. परंतु त्यांचे हे नुबा कोठून आले, ती कथा विचार करायला लावणारी आहे. सोव यांनी ते लेनी रिफेन्श्टाल या जर्मन बाईच्या छायाचित्रांत पाहिले. ही तीच बाई, जिने १९३४ च्या नाझी मेळाव्यावर हिटलरसाठी चित्रपट काढला. वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराची सेवा केलेल्या या कॅमेऱ्याने १९७० च्या दशकात आफ्रिकी शरीरांची देखणी छायाचित्रे टिपली. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७५ मध्ये त्यावर कठोर टीका केली. बलाची आणि सुडौल देहाची जी पूजा नाझी कलेत होती तीच इथेही आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ही टीका गंभीर आहे आणि सोव यांच्या कामाकडे बघतानाही ती विसरून चालणार नाही. मात्र छायाचित्रांतील शरीर आणि सोव यांचे शिल्प शेजारी ठेवून पाहिले, तर फरक जाणवतो. छायाचित्रात कातडी चकाकते. सोव यांच्या मल्लाची कातडी भेगाळलेली, खरखरीत आणि मातकट आहे. त्याच्या डोळ्यांत थकवा आहे, मनात काहीतरी चालल्याची खूण आहे. एक मल्ल बसून स्वतःचे अंग रंगवतो आहे. तो प्रेक्षकासाठी उभा राहिलेला नाही, आपल्या कामात गढलेला आहे. कॅमेऱ्याने ज्याचे शरीर तेवढे टिपले, त्याला सोव यांनी मन परत दिले.

या कथेला आणखी एक दुखरी बाजू आहे. सोव डाकरमध्ये ही शिल्पे घडवीत होते, त्याच वर्षांत सुदानमधील यादवी युद्ध नुबा डोंगरांत शिरले होते. एप्रिल १९९२ मध्ये अल उबैद येथे मौलवींच्या मेळाव्याने नुबा बंडखोरांविरुद्ध जिहादचा फतवा काढला. नुबांमध्ये मुसलमान होते, ख्रिस्ती होते, जुन्या परंपरा पाळणारेही होते. फतव्याने बंडखोरांच्या बाजूच्या मुसलमानांनाही इस्लाममधून बाहेर काढले. गावे जाळली गेली, माणसे छावण्यांत कोंबली गेली. एक मुसलमान सरकार ज्यांना धर्माच्या नावाने मारत होते, त्यांना दुसऱ्या देशातला एक मुसलमान कलावंत सन्मानाने उभे करत होता. सोव यांनी ही मालिका फतव्याच्या आधीच पुरी केली होती, तेव्हा तिला फतव्याचे उत्तर म्हणता येणार नाही. पण आपण या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत.

१९८७ मध्ये डाकरच्या फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात या मल्लांचे प्रदर्शन भरले. सोव यांचे हे पहिले स्वतंत्र प्रदर्शन. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. बऱ्याच जणांना निवृत्तीचे वेध लागतात, त्या वयात त्यांचे कलावंत म्हणून आयुष्य सुरू झाले.

हरलेल्यांच्या बाजूने

त्यानंतर मालिकांमागून मालिका आल्या. १९८८-८९ मध्ये मसाई, १९९०-९१ मध्ये झुलू, १९९३-९४ मध्ये फुलानी. या शेवटच्या जमातीला फ्रेंच भाषेत 'पल' म्हणतात आणि सोव हे आडनावही याच जमातीत आढळते. १९९२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील 'डॉक्युमेंटा' या नामांकित कलामेळ्यात आणि १९९५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या वेळी त्यांची शिल्पे जगाने पाहिली.

१९८९ हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीचे वर्ष होते. त्या वर्षी सोव यांनी तूसँ लुव्हेर्त्युर यांचे शिल्प केले. हैतीतल्या गुलामांच्या बंडाचा हा नेता. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही फ्रेंचांची घोषणा काळ्या माणसालाही लागू आहे, असे त्याने फ्रान्सलाच ठणकावून सांगितले. त्याची किंमत म्हणून नेपोलियनने त्याला पकडून फ्रान्सच्या पूर्वेकडील फोर्ट द झू या थंडगार किल्ल्यात कोंडले. तिथेच एप्रिल १८०३ मध्ये तो वारला. सोव यांच्या शिल्पात हा सेनानी एकटा नाही. त्याच्याजवळ एक वृद्ध गुलाम स्त्री आहे. सेनानीचा पुतळा उभारताना जिच्यासाठी तो लढला तिलाही सोबत घेणे, ही सोव यांची दृष्टी. हे शिल्प आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकी कला संग्रहालयात आहे.

नंतर त्यांनी आफ्रिका सोडून थेट अमेरिका गाठली. २५ जून १८७६ रोजी लिटल बिग हॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन जमातींनी जनरल कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. रेड इंडियनांचा हा मोठा विजय, आणि जवळजवळ शेवटचाच. यावर सोव यांनी चोवीस माणसे आणि अकरा घोडे अशा पस्तीस आकृतींचा एक भव्य देखावा रचला. आफ्रिकी कलावंताने आफ्रिकेपुरतेच बोलावे, अशी जी पाश्चात्त्य कलाजगाची अपेक्षा असते, तिला हे उत्तर होते. आपल्यालाही ते विचारात घेता येईल. मुसलमान लेखकाने मोहल्ल्याबद्दल आणि तलाकबद्दलच लिहावे, अशी अपेक्षा आपल्याकडे काय कमी असते?

हीच सारी माणसे आणि घोडे १९९९ मध्ये पाँ दे झारवर उभे राहिले. ज्या शहरात बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना झोपायला जागा नव्हती, त्या शहराच्या मधोमध.

पुतळ्याचा वाद

सेनेगलमध्ये शिल्प आणि इस्लाम यांची उघड टक्कर झाली ती सोव यांच्या शिल्पावरून नव्हे. निमित्त होते अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी डाकरमध्ये उभारलेल्या 'आफ्रिकी पुनरुत्थान' स्मारकाचे. सुमारे पन्नास मीटर उंचीचा, पुरुष, स्त्री आणि बालक अशा तिघांचा हा ताम्रवर्णी पुतळा. एप्रिल २०१० मध्ये, स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये अनेक इमामांनी जुम्याच्या खुत्ब्यातून विरोध केला. हा बुतपरस्तीचा प्रकार आहे, असा त्यांचा आक्षेप होता. स्त्रीचे उघडे अंगही अनेकांना खटकले. त्याला उत्तर देताना अध्यक्षांनी ख्रिस्ती उपासनेचा असा काही दाखला दिला, की ख्रिस्ती समाज दुखावला आणि अध्यक्षांना माफी मागावी लागली.

या वादात सोव कोठे होते? अशा स्मारकाची मूळ कल्पना आपली होती, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे अध्यक्षांशी त्यांचे बिनसले. स्मारक बांधायला उत्तर कोरियाची सरकारी कंपनी आणली गेली, तेव्हा सोव यांनी स्पष्ट विरोध केला. आफ्रिकेच्या पुनरुत्थानाचे प्रतीक हुकूमशाही देशाच्या कारखान्यात घडवायचे, यात कसले आले पुनरुत्थान आणि कसली आली कला, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे एकाच पुतळ्याला दोन विरोध झाले. इमामांना वाटत होते, की हा पुतळा असूच नये. सोव यांना वाटत होते, की हा पुतळा असा असू नये. गरीब देशाचा पैसा एका माणसाच्या कीर्तीसाठी उधळला जातो आहे, ही सामान्य माणसाची तक्रार या दोहोंच्या गदारोळात जवळजवळ बुडून गेली.

मूर्तीचा प्रश्न इस्लामी विचारात सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. सजीवांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांविषयी कडक हदीसी आहेत आणि बहुसंख्य फकीहांनी त्रिमितीय मूर्ती निषिद्ध मानली आहे. ज्यांना हे मत पटते त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. पण चर्चा तेवढ्यावर संपत नाही. कुरआनच्या सूरह सबामध्ये सुलेमान पैगंबरांसाठी जिन्न ज्या वस्तू घडवीत त्यांत प्रतिमांचाही उल्लेख आहे, आणि तो अल्लाहच्या कृपेच्या ओघात आलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी असे मांडले, की जिथे पूजेचा धोका उरलेला नाही, तिथे चित्र आणि शिल्प ही ज्ञान जपण्याची साधने आहेत. त्याच इजिप्तमध्ये महमूद मुख्तार या शिल्पकाराने 'इजिप्तची जागृती' हे शिल्प घडवले आणि १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. तेव्हा उस्मान सोव हे आकाशातून पडलेले नाहीत. त्यांच्या आधीही माणसे होती.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. मूर्तीला विरोध झाला तो माणसाने स्वतः घडवलेल्या वस्तूपुढे लाचार होऊ नये म्हणून. सोव यांच्या एकाही शिल्पापुढे कुणी फुले वाहत नाही की नवस बोलत नाही. उलट तिथे उभे राहिले, की समोरचा माणूस आपल्यासारखाच हाडामांसाचा आहे, ही जाणीव होते. ज्यांना शतकानुशतके माणूस मानले गेले नाही, त्यांचे माणूसपण ही शिल्पे पटवून देतात. तौहीदच्या विचाराला यात कोठे धक्का लागतो, ते मला तरी दिसत नाही.

शेवटची वर्षे

व्हिक्टर ह्यूगो हा सोव यांचा आवडता लेखक. बेझाँसों हे ह्यूगोचे जन्मगाव. तिथल्या मानवी हक्क चौकात २००३ मध्ये सोव यांनी घडवलेला ह्यूगोचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. 'आभार' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाने त्यांनी एक मालिका आरंभली होती. माणूसजातीविषयी आपण निराश झालो नाही ते ज्यांच्यामुळे, त्यांची ही शिल्पे. ह्यूगो, द गॉल, मंडेला आणि वडील मोक्तार. त्यांचे मंडेला गोलरक्षकासारखे हात पुढे करून आफ्रिकेवरचे संकट अडवताना दिसतात.

एप्रिल २०१२ मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीने अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायेथ यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर सोव यांची विदेशी सदस्य म्हणून निवड केली. या अकादमीत बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. डिसेंबर २०१३ मध्ये घुमटाखाली त्यांचा स्वागत समारंभ झाला, तेव्हा मंडेला जाऊन थोडेच दिवस झाले होते. ज्या पुलावर त्यांची शिल्पे उभी राहिली होती, त्याच पुलाच्या टोकाला ही इमारत आहे. पूल ओलांडायला दोन मिनिटे पुरतात. सोव यांना त्या दारातून आत जायला चौदा वर्षे लागली.

१ डिसेंबर २०१६ रोजी डाकरमध्ये वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डाकरच्या योफ भागात त्यांनी स्वतः बांधलेले घर आहे. त्याला ते 'स्फिंक्स' म्हणत. मे २०१८ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले झाले.

कथा इथे संपली असती तर बरे झाले असते. २०२२ मध्ये बेझाँसोंच्या पालिकेने ह्यूगोच्या पुतळ्याची डागडुजी केली. ब्राँझचा रंग गडद दिसू लागला आणि 'ह्यूगोला काळा केला' अशी ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये एका रात्री पुतळ्याच्या तोंडाला पांढरा रंग फासला गेला. काळ्या माणसाने घडवलेला गोरा लेखकही काहींना सहन झाला नाही. गुलामगिरीविरुद्ध आणि गरिबांच्या बाजूने आयुष्यभर लिहिणाऱ्या लेखकाच्या तोंडाला त्याच्याच गावात, मानवी हक्कांच्या नावाच्या चौकात हे झाले. याच मुलखात, थोड्या अंतरावर, तूसँ लुव्हेर्त्युर ज्या कोठडीत मेला तो किल्ला आहे.

बामियानचे सुरुंग आणि बेझाँसोंचा पांढरा रंग यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. एकीकडे पंधरा शतकांचा वारसा नष्ट झाला, दुसरीकडे रंग पुसता आला. पण शिल्पाला भिणारी माणसे एकाच धर्मात जन्माला येतात, हा समज सोडून देण्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे. आणि आपल्या बाजूने बोलायचे तर, पुढच्या वेळी कुणी 'मुसलमान शिल्पकार' हे शब्द ऐकून थबकले, तर त्याला सांगायला आपल्यापाशी एक नाव आहे. उस्मान वल्द मुख्तार, राहणार डाकर, पेशा मोडक्या अंगांना उभे करणे.